सुई हलली नाही

नियम वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण चौघांत माझं इंग्रजी बरं होतं. दुसरं कारण असं, की मला वाद जिंकायला आवडायचं. ते अजूनही आवडतं, पण हल्ली जिंकल्यावर छातीत धस्स होतं.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. सांगलीत आम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्यातल्या एकाचं घर वाईचं. त्याचा मामेभाऊ परदेशातून सुट्टीला आला तेव्हा एक जाडजूड पुस्तक घेऊन आला होता. ते एका खेळाचं पुस्तक होतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी मांत्रिक. ‘मी दार उघडतो’ म्हटलं की दार उघडायचं आणि आत काय आहे ते गोष्ट सांगणाऱ्याने सांगायचं. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली, तर आकडा काढायचा; मोठा आला की जमलं. खरे फासे मामेभावाने दिले नाहीत, म्हणून आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. पुस्तकही त्याने एकाच दिवसासाठी दिलं. वाईच्या मित्राने घाईघाईत त्यातली साठेक पानं झेरॉक्स करून आणली आणि माझ्या पुढ्यात टाकली.

‘घे, तू आमचा वकील,’ तो म्हणाला. गोष्ट सांगायचं कामही मग माझ्याकडेच आलं.

वकील नव्हे, मी कारकुनाचा मुलगा. वडील साताऱ्याच्या कोर्टात होते. घरात कुणाचं काही बिनसलं की ते जेवता जेवता विचारायचे, ‘लेखी आहे का काही?’ लेखी नसेल तर त्यांच्या लेखी विषय संपला. त्यांची ही सवय मला फार चिडवायची, आणि ती जशीच्या तशी माझ्यात उतरली.

आम्ही खेळायचो ते हळदीच्या गोदामाच्या माळ्यावर. चौथ्या मित्राच्या वडिलांची मार्केट यार्डात अडत होती आणि रविवारी यार्ड बंद असायचं. पोत्यांवर बसायचं, पोत्यांना टेकायचं, मध्ये एक उलटं खोकं. हळद सगळीकडे जायची. नखांत, नाकात, पानांवर. संध्याकाळी हॉस्टेलवर परतलो की मेसचे आचारी विचारायचे, ‘आज कुणाची हळद लागली?’ आम्ही एकमेकांकडे बोट दाखवायचो.

आता मांत्रिकाबद्दल. तो होता माझा सगळ्यात जवळचा मित्र, वडूजच्या पलीकडच्या एका कोरडवाहू गावातला. उंच, हळू बोलणारा, गणितात हुशार. पुस्तकात मंत्रांचे नियम सगळ्यात जास्त होते आणि म्हणून आमची भांडणंही त्याच्यावरूनच व्हायची. मंत्र टाकायला तीन गोष्टी लागत. तोंडाने शब्द, हाताची खूण आणि मुठीत एखादी वस्तू. तिन्हींतली एक चुकली की मंत्र वाया. एकदा गोष्टीत तो हनुवटीपर्यंत पाण्यात होता आणि त्याला मंत्र टाकायचा होता.

‘नाही जमणार,’ मी म्हणालो.

‘का? तोंड मोकळं हाय की गड्या.’

‘हात पाण्याखाली आहेत. खूण नीट करता आली पाहिजे असं लिहिलंय. प्रवाहात करून दाखव.’

तो उठला आणि खरंच आम्हाला घाटावर घेऊन गेला. भर दुपारी शर्ट काढून कृष्णेत उतरला, हनुवटीपर्यंत. पाण्याखाली हात हलवत म्हणाला, ‘बघ, जमतंय का न्हाई?’ आम्ही हसून हसून लोटपोट. मग आमचं हसणं संपलं तरी तो बाहेर येईना. हात थांबले होते. नुसताच उभा राहून तो पाण्याकडे बघत होता. वाईच्या मित्राने दोनदा हाक मारली तेव्हा आला.

त्या संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर त्याने मला एकट्याला सांगितलं. त्याचा थोरला भाऊ लष्करात होता. आजोबा, वडील, भाऊ, सगळे लष्करातलेच. दीड वर्षापूर्वी डोंगरातली एक नदी ओलांडताना भाऊ वाहून गेला. शोधलं, पण सापडला नाही. पलटणीचं पत्र आलं, की बेपत्ता असून मृत समजण्यात येत आहे. गावातल्या गुरुजींनी ते वाचून दाखवलं तेव्हा त्याची वहिनी म्हणाली, ‘समजत्यात म्हंजे ठावं न्हाई. ज्याला ठावं हाय त्यानं लिवून द्यावं.’ तिने कुंकू पुसलं नाही. भाऊ वाहून गेला त्याच्या वर्षभर आधीच लग्न झालं होतं तिचं. गावात एस.टी. दिवसातून तीनदा यायची आणि तीनही वेळा ती दारात येऊन उभी राहायची. घरातून तिचे सासरे, आबा, म्हणायचे, ‘कुणी न्हाई, पोरी. बस.’

पण आबांच्या स्वप्नात तो यायचा. ओल्या वर्दीत उंबऱ्याबाहेर उभा. आत ये म्हटलं तर यायचा नाही, कोरडे कपडे मागायचा. भावकीतली जाणती माणसं म्हणाली, पोरगं अडकलंय. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या, मोकळं करा. अग्नी द्यायचा होता माझ्या मित्राने.

‘आन जित्ता असला तर?’ तो मला म्हणाला. ‘जित्त्या माणसाला मी माझ्या हातानं...’

मी काहीतरी बोललो असेन. काय ते आठवत नाही, म्हणजे धीराचं नसणार.

त्या मित्राची एक सवय होती आणि मी तिची टिंगल करायचो. चिठ्ठी काढण्याआधी तो हात धुवायचा. काढलेली चिठ्ठी उघडण्याआधी कपाळाला लावायचा. मी म्हणायचो, अरे राक्षसाला गदा लागते की नाही एवढंच बघायचंय, नैवेद्य कसला दाखवतोस? तो शांतपणे म्हणायचा, ‘आमच्याकडं देवाला कौल लावत्यात. त्यो काय चेष्टेनं लावत्यात व्हय?’ दोन पाकळ्या ओल्या करून मूर्तीला चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आबांनी मुलासाठी तीनदा कौल लावला होता. एकदा उजवी पडली, एकदा डावी, आणि तिसऱ्यांदा सकाळपासून दुपारपर्यंत बसून दोन्ही जागच्या हलल्या नाहीत.

मग तो रविवार आला.

खेळ चालू होता. गोष्टीतली आमची टोळी एका खिंडीत पोचली होती. मित्राने अचानक हात वर केला आणि म्हणाला, ‘मला मागाचा मंत्र टाकायचा हाय.’

हे नाव मीच दिलेलं. हरवलेल्या माणसाचा माग काढायचा मंत्र. दोऱ्याला सुई टांगायची, त्या माणसाची वापरातली वस्तू डाव्या मुठीत धरायची आणि शब्द म्हणायचे. माणूस जिकडे असेल तिकडे सुई वळते. पण त्या दिवशी गोष्टीत कुणीच हरवलं नव्हतं.

‘कुणाला शोधायचंय?’ मी विचारलं.

‘हाय एक माणूस.’

‘वस्तू?’

त्याने मूठ उघडली. तळहातावर वर्दीचं पितळी बटण होतं. खरं बटण, दोऱ्याच्या तुसासकट. वाईचा मित्र आणि अडतवाला मित्र त्याला नवं सोंग समजून हसले. त्यांना भावाचं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी पानं मिटवून ‘चल, चहा पिऊ’ म्हणू शकलो असतो. पण मला नियमाचा एक सुरेख पेच दिसला, आणि तो सोडवायची खाज आली.

त्याने हात धुतले, चिठ्ठी काढली, कपाळाला लावली. सतरा. मंत्र लागला होता.

आता सुई कुठे वळली ते सांगणं माझं काम. माझ्या पुढ्यात माझ्या कल्पित देशाचा नकाशा होता. त्या नकाशात हा माणूस कुठेच नव्हता. मग सुई कुठे वळणार? माझं उत्तर नियमाला धरून अगदी बिनचूक होतं.

‘मंत्र लागला,’ मी म्हणालो. ‘पण सुई हलली नाही.’

खाली कुठेतरी कबुतरं घुमत होती.

‘न्हाई हलली म्हंजे काय समजायचं?’ त्याने विचारलं. ‘पुस्तकात काय लिवलंय?’

मी पान काढलं. मागाचा मंत्र पानाच्या अगदी तळाशी होता. शेवटची ओळ मी आधी इंग्रजीत वाचली, मग माझ्या त्या कोर्टातल्या मराठीत सांगितली. ‘शोधलेली व्यक्ती हयात नसल्यास सुई स्थिर राहते.’

‘आनखी काय?’

‘एवढंच. पान संपलं.’

त्याने बटण रुमालात बांधलं, रुमाल खिशात ठेवला. उठताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी ठेवावा तसा. ‘आमुशाच्या आत करायचं म्हणत्यात आबा,’ तो हळूच म्हणाला. ‘मी जातो गावाला.’ आणि लाकडी जिना उतरून गेला.

तो आठवडा मला जड गेला. वर्गात त्याची जागा रिकामी. मी स्वतःला समजावत राहिलो, की इतका हुशार मुलगा खेळातल्या गोष्टीवर विसंबणार नाही. त्याने ठरवलं असेल ते घरच्यांशी बोलून ठरवलं असेल. मी फक्त लिहिलेलं वाचलं. हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं, की मला त्यात वडिलांचा आवाज ऐकू यायला लागला.

शनिवारी वाईचा मित्र मूळ पुस्तक घेऊन आला. मामेभाऊ परत जाणार होता, जाण्याआधी त्याने दोन दिवसांसाठी दिलं होतं. मी आधी ते पान उघडलं. का उघडलं ते ठाऊक होतं, आणि उघडू नये असंही वाटत होतं.

पान तिथे संपत नव्हतं. घाईत झेरॉक्स करताना पुस्तक वर सरकलं असणार. तळाची एक ओळ कापली गेली होती. त्या ओळीत लिहिलं होतं, की व्यक्ती एका दिवसाच्या वाटेपलीकडे असेल तरीही सुई स्थिर राहते.

म्हणजे सुई न हलण्याचे अर्थ दोन होते. नाही, किंवा लांब आहे.

मी त्या पानाची नवी झेरॉक्स काढली. दुकानदाराला दोनदा बजावलं, तळापर्यंत येऊ दे. अमावास्या मंगळवारी होती. रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो. तासगाव, विटा, मायणी. खिडकीबाहेर ऊस मागे पडला आणि ज्वारीची उजाड रानं लागली. खिशातलं पान मी चार वेळा काढून बघितलं. ओळ होती. वडूजला गाडी बदलली. त्याच्या गावाची एस.टी. दुपारी एकला पोचली आणि उतरता उतरता मी बघितलं, की त्याच्या घराच्या दारात कुणी उभं नव्हतं.

तो अंगणात बसला होता. डोक्याचा गोटा केलेला.

‘काल झालं गड्या,’ तो म्हणाला. मला बघून त्याला आनंद झाला होता, खरंच झाला होता. ‘आबा काल रातच्याला लय दिसांनी गाढ झोपले. दादा आला न्हाई सपनात.’ मग माझा हात धरून म्हणाला, ‘तू नसतास तर माझा हात उचलला नसता.’

मी मान हलवली. खिशातलं पान मला शर्टातून टोचत होतं. माणूस जिवंत असला, कुठे आजारी, कुठे कैदेत, स्मृती गेलेला, तर आम्ही दोघांनी मिळून त्याला जाळलं होतं. मी वाचून आणि याने पेटवून.

तेवढ्यात आतून मला हाक आली. ‘भावजी, जरा आत येता का?’

वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. माझ्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठ्या असतील. हात रिकामे. कपाळावर जिथे रोज कुंकू असायचं तिथे कातडी उजळ दिसत होती, गोल. डोळे मात्र अगदी कोरडे. मित्राने आधीच मला सांगितलं होतं, त्या काल रडल्या नाहीत. बांगड्या फोडताना नाही, पुतळा उचलताना नाही. बायका घाबरल्या होत्या.

त्यांनी तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायलो.

‘तुमीच ना ते पुस्तक वाचणारे?’

‘हो.’

‘आमच्या भावजींनी सांगितलं, पुस्तकात लिवलंय म्हणून. समजत्यात असं न्हाई, लिवलंय.’ त्या माझ्या खिशाकडे बघत होत्या. पान अर्धं बाहेर आलं होतं. ‘त्येच का? मला वाचून दावा.’

वाटलं त्यांना म्हणावं, की वहिनी, हा खेळ आहे, रविवारी पोत्यांवर बसून पोरं खेळतात तो खेळ. पण त्यांनी ज्याची दीड वर्षं वाट बघितली होती तो कागद माझ्या हातात होता, आणि कुणीतरी लिहून दिलेलं होतं. मी पान उलगडलं. इंग्रजी वाचलं. मराठीत सांगितलं. शोधलेली व्यक्ती हयात नसल्यास. तिथे थांबलो.

त्या पुढे वाकल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण नजर तीक्ष्ण होती. पानाच्या तळाशी त्यांनी बोट ठेवलं. ‘आन ही खालची वळ? हिच्यात काय हाय?’

बाहेर आबांच्या खोकण्याचा आवाज आला. माझा मित्र त्यांना पाणी देत होता. मला अजून कधीतरी वाटतं, की मी त्या दोघांच्या झोपेचा विचार केला. तेही थोडं खरं आहे. पण जास्त खरं हे, की मी घाबरलो होतो. चुकलो हे सांगायची माझी छाती नव्हती.

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘पुढच्या मंत्राचं नाव आहे.’

पहिल्यांदा ती ओळ झेरॉक्स मशीनने कापली होती. दुसऱ्यांदा ती मी कापली.

वहिनींनी बोट उचललं. ‘मग ठीक हाय,’ त्या म्हणाल्या. पदर तोंडाशी नेला, आणि मग जो आवाज आला तो मी कधीही विसरलो नाही. अंगणातले सगळे धावत आले. आबा म्हणाले, ‘रडू द्या तिला, रडू द्या.’ मित्राने माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं.

आम्ही नंतर तो खेळ खेळलो नाही. मी काही ना काही कारण सांगत राहिलो, मग परीक्षा आल्या. मित्र पास झाला, नोकरीला लागला. वहिनींनी गावात शिवणाचं मशीन टाकलं, पुढे पोरींना शिवण शिकवू लागल्या. भाऊ परत आला नाही. त्याच्याबद्दल कधी काही कळलंही नाही. मी साताऱ्याला नोकरी धरली, आणि आमचं येणंजाणं राहिलं. वहिनी मला प्रत्येक भाऊबीजेला ओवाळायच्या. निरांजनाच्या पलीकडचं त्यांचं मोकळं कपाळ मला बघवत नसे. मी डोळे मिटून घ्यायचो, आणि त्यांना वाटायचं मी भाविक आहे.

त्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मित्राचं लग्न ठरलं आणि पाहुण्यांकडून परतताना वहिनी, मी आणि तो उंब्रजच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. मित्र चौकशीच्या खिडकीकडे गेला. वहिनी मांडीवर रुमाल पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. पुण्याकडून एक गाडी आली. दारातून आधी काळी ट्रंक खाली आली, मग वर्दीतला एक माणूस. उंच, पाठमोरा. मी उभा राहिलो. मी नेहमीच उभा राहतो. साताऱ्याच्या स्टँडवर, वाठारला, कुठेही. एवढ्या वर्षांत तशी फौजी ट्रंक दिसली आणि मी चेहरा बघितला नाही असं झालेलं नाही. त्यांच्या घरच्या भिंतीवरच्या फोटोतला भावाचा चेहरा मला पाठ आहे, आणि दरवर्षी मी मनात त्याचं वय एका वर्षाने वाढवतो.

तो माणूस वळला. दुसराच कुणी होता.

वहिनींनी मान वर करून त्या गाडीकडे बघितलंसुद्धा नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. सोललेले दाणे त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि शेजारची जागा पदराने पुसली.

‘कुणी न्हाई, भावजी,’ त्या म्हणाल्या. ‘बसा.’